शालनकाकूंचं नको

शालन चौगुल्यांच्या खानावळीत 'नको' या शब्दाला काडीची किंमत नव्हती. कोल्हापुरात शिकायला आलेली पोरं राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत काकूंकडे जेवायला यायची. ताटावर हात आडवा धरला, तर काकू बोटांच्या फटीतून आमटी वाढायच्या. "नको म्हणतोयस म्हंजे जागा हाय अजून. ज्याचं खरंच भरलंय त्याच्या तोंडून शब्द फुटत न्हाई," असं त्यांचं शास्त्र होतं. पोरगा कुरकुरत ते सगळं संपवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेच्या आधी येऊन बसायचा.

स्वतः काकू कुणाकडे गेल्या की मात्र उलट. चहा नको, पोहे नको, आत्ताच झालंय, कशाला त्रास. समोरच्याने पुन्हा म्हटलं की "बरं, अर्धा कप" आणि मग पूर्ण कप. त्यात खोटेपणा नव्हता. पहिलं नको म्हणजे उंबऱ्यावर पाय पुसण्यासारखं होतं, त्याशिवाय आत कसं शिरायचं? आणि ते नको खरं मानून जो खरोखरच चहा टाकत नाही, त्या माणसाबद्दल काकू घरी येऊन दोन दिवस बोलायच्या.

या बाईची एकुलती एक मुलगी प्रणोती. ती पुण्यात एका कंपनीत होती. आजाराने लुळ्या पडलेल्या, वाचा गेलेल्या माणसांसाठी जी यंत्रं निघाली होती, त्यांची पडदा-व्यवस्था ती आखायची. यंत्र कुणीही बनवो, त्यातली प्रणाली प्रणोतीच्या कंपनीची असे. आणि रुग्णाला पडद्यावर काय दिसायचं, कुठे दिसायचं आणि काय दिसायचं नाही, हे ठरवणं हे प्रणोतीचं काम. शेवटच्या गोष्टीत तिचा हातखंडा होता.

त्यालाही कारण घडलं होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत पडद्यावर सगळेच शब्द असत. यंत्राला जे जमत नाही ते फक्त फिकट दिसे. एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, त्यांच्या यंत्रात गाण्याची सोय नव्हती. 'गाणं' हा शब्द फिकट होता. गार्डसाहेब दिवसभर त्या फिकट शब्दाकडे बघत बसायचे. दाबला जात नाही हे कळत होतं, पण नजर हटत नव्हती. बायको म्हणाली, "यांना मिठाईच्या दुकानाच्या काचेबाहेर उभं केल्यासारखं केलंय तुम्ही." त्या वाक्यावर प्रणोती हललीच. तिने नियम घातला: यंत्राला जे खात्रीने जमतं तेवढंच पडद्यावर यायचं. जे जमत नाही ते दिसता कामा नये, फिकटही नाही. आणि त्याची रिकामी जागासुद्धा राहता कामा नये, कारण रिकामी जागा पण चुगली करते.

म्हणून तिच्या प्रणालीत यंत्र रोज सकाळी सुरू झालं की प्रणाली त्याला आधी विचारायची, बाबा रे, आज तुला काय काय येतं? यंत्र आपल्या क्षमता सांगायचं आणि तेवढ्यावर पडदा मांडला जायचा. एखादी क्षमता गेली, तर तो शब्द जायचा आणि शेजारचा सरकून त्याची जागा घ्यायचा. रुग्ण शांत झाले, घरचे शांत झाले. प्रणोतीला परिषदांची बोलावणी येऊ लागली. तिथे ती सांगायची, "नसलेल्याची आठवण करून देणं हा क्रूरपणा आहे." लोक टाळ्या वाजवायचे. खरं सांगायचं तर तिलाही ते वाक्य जरा जास्तच आवडायला लागलं होतं.

आणि मग काकूंच्या हातातून भाकरीचं पीठ निसटायला लागलं.

आधी वाटलं वयाचं असेल. मग जिभेचा जडपणा आला, मग पाय. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. डोकं मात्र लखलखीत राहतं, हा त्याचा दुष्टपणा. खानावळ बंद झाली. पोरं निरोप घ्यायला आली तेव्हा काकू खुर्चीतून त्यांना जड जिभेने विचारत होत्या, "आता जेवणार कुठं रं तुम्ही?"

प्रणोतीने आपल्याच प्रणालीचं यंत्र आईला बसवून घेतलं. कवटीच्या आत मेंदूवर पातळ जाळी, आणि पलंगाशेजारी पडदा व बोलणारी पेटी. आईने पडद्यावरच्या शब्दाकडे बघायचं आणि मनातल्या मनात तो बोलायचा प्रयत्न करायचा. नजर आणि मेंदूतला इशारा जुळला की यंत्र तो शब्द उच्चारायचं, तोही काकूंच्याच आवाजात. आवाज जायच्या आधी प्रणोतीने तो भरून ठेवला होता. पहिल्याच दिवशी त्या पेटीतून कोल्हापुरी हिसका आला, "प्रणू, वाळलीस की गं. पुण्यात दुष्काळ पडलाय काय?" मुलगी हसता हसता रडली.

तेव्हा पडद्यावरच्या वेगळ्या खिडकीतून यंत्र पूर्ण वाक्यं बोलायचं. त्या काळात काकूंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. डॉक्टर हुक्केरींनी पुढचं समजावून दिलं होतं, की श्वासाचे स्नायू थकतील, तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि नळीला यंत्र जोडायचं, म्हणजे पुढेही जगता येईल. काकूंनी ऐकून घेतलं आणि डॉक्टर गेल्यावर प्रणोतीला म्हणाल्या, "नळी नको. यंत्रानं फुगवलेलं मला चालणार न्हाई."

"बघू गं आई, तेव्हाचं तेव्हा," प्रणोती म्हणाली. आईचं पहिलं नको तिने ज्या कानाने आयुष्यभर ऐकलं होतं, त्याच कानाने हेही ऐकलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आजाराने काकूंना आणखी एक पायरी खाली उतरवलं. वाक्यं गेली. प्रणालीने नियमाप्रमाणे पडदा नव्याने मांडला, वाक्यांची खिडकी कधी नव्हतीच असा. उरले रोजचे मोजके शब्द. हो, नको, पाणी, दुखतंय, कूस बदला, नंतर, जेवलीस का, असे. प्रणोती आता कोल्हापूरला येऊन घरूनच काम करायची. दिवसा मदतीला मुमताज यायची. पूर्वी ती खानावळीत भाकऱ्या थापायची, आता काकूंचं अंग पुसायची.

खायला घालायचं काम मात्र प्रणोतीने स्वतःकडे ठेवलं. खपली गव्हाची मऊ खीर, पातळ पेज, चमच्याच्या टोकावर. दोन-चार घासांनंतर पेटी म्हणायची, "नको."

"एकच घास आई. माझ्यासाठी."

काकू तिच्याकडे बघायच्या, तोंड उघडायच्या आणि घास गिळायच्या. मग अजून एक. औषध नको, तरी औषध जायचं. अंघोळ नको, तरी मुमताज गोड बोलून घालायची. "काकूंचं नको म्हंजे काय, आपल्याला म्हाईत न्हाई व्हय?" मुमताज हसायची. काकूंचे डोळेही हसल्यासारखे दिसायचे. ज्या बाईने अख्ख्या गल्लीला आग्रहाने जेवू घातलं, तिला आग्रहानेच जेवू घालण्यात प्रणोतीला एक समाधान होतं. आईचंच तर चाललंय, असं वाटायचं.

मग हळूहळू काकू शांत झाल्या. नको म्हणेनाशाच झाल्या. पुण्याहून फोन आला की प्रणोती सांगायची, "आई आता खूप समजुतीने घेते. कशालाच नाही म्हणत नाही." एक गोष्ट तेवढी नवीन झाली होती, त्यांना तहान फार लागायला लागली. घास तोंडाशी नेला की पेटी म्हणायची, "पाणी." पाण्याचा चमचा लावला की ओठ मिटायचे. पाणी बाजूला केलं, घास पुढे केला की पुन्हा "पाणी."

"लहान पोरासारखं झालंय बघा," मुमताज म्हणायची. "घास चुकवायला पाणी मागत्यात." दोघी हसायच्या, आणि घास जायचा.

पावसाळा संपता संपता श्वास अडखळायला लागला. डॉक्टर हुक्केरी घरी आले. असल्या यंत्रातून दिलेली संमती आता रुग्णालयं मानत होती, कारण ज्याची खात्री आहे तेच हे यंत्र बोलतं असा त्याचा लौकिक होता. त्यांनी काकूंजवळ खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, "काकू, नळी बसवायची का?"

"पाणी," पेटी म्हणाली.

मुमताजने पाणी आणलं. काकूंनी ओठ मिटले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "पाणी." मग "नंतर." डॉक्टर म्हणाले, घाई नाही, दोन दिवसांनी येतो. दोन दिवसांनी तेच झालं. त्यानंतर एका सकाळी काकूंचे ओठ निळसर दिसायला लागले. प्रणोती त्यांचा हात धरून बोलत राहिली, "आई, हो म्हण ना. नळी बसली की मोकळा श्वास येईल. मी आहे ना, कुठे जाणार नाही. आई, माझ्यासाठी." काकूंची नजर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात गेली, तिथून तिच्या चेहऱ्यावर आली, आणि परत पडद्यावर.

"हो."

प्रणोतीने आईच्या कपाळावर ओठ टेकवले. इतकं हलकं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

नळी बसली. यंत्र श्वास घेऊ लागलं, ठराविक तालात, दिवसरात्र. काकूंचा रंग सुधारला. आता तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं, अन्न थेट पोटात जायचं. दर थोड्या वेळाने नळीत साचलेला कफ पंपाच्या बारीक नळीने ओढून काढावा लागे. ती आत गेली की काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, कारण खोकायलासुद्धा अंगात काही उरलं नव्हतं. आणि पेटी त्यांच्याच जुन्या खणखणीत आवाजात म्हणायची, "पाणी. पाणी."

"काकू, तोंडानं पाणी बंद केलंय ना डॉक्टरांनी," मुमताज समजावायची.

एका दुपारी मुमताज पंप घेऊन वाकली आणि पेटी बोलली. प्रणोतीने कापूस भिजवून ओठांवर फिरवला. काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले. मग उघडले, आणि त्यांची नजर पुन्हा पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन खिळली. तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो तशी ती नजर नव्हती. चुलीवरचं दूध उतू जाताना आई जेव्हा प्रणोतीच्या नावाने ओरडायची, तेव्हाची ती नजर होती.

प्रणोतीने पडद्याकडे पाहिलं. हे सगळं तिनेच मांडलेलं होतं. खाली उजवीकडे 'हो'. आणि खाली डावीकडे, म्हणजे जिथे थकलेली नजरसुद्धा फार न शोधता पोचते अशा जागी, काय ठेवायचं म्हणून तिने आठवडाभर डोकं खाजवलं होतं. तिथे तिने पाणी ठेवलं नव्हतं.

"मुमताज, थांब. ते बाहेर काढ आधी."

तिने पडद्यावरचे सगळे शब्द वाचले. मग पुन्हा वाचले. 'नको' कुठेच नव्हता. तो किती दिवसांपासून नव्हता, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. माहीत होऊ नये अशीच तर तिने रचना केली होती. तो गेला, पाणी सरकून त्याच्या जागी आलं, आणि आई त्या जागेकडे बघून, हाताशी असेल त्या शब्दाने, महिनोन् महिने नको म्हणत राहिली. घासाला म्हणाली, औषधाला म्हणाली, डॉक्टरांना म्हणाली. आणि प्रत्येक वेळी तिला पाणी मिळालं.

प्रणोतीने बोलणाऱ्या यंत्राला विचारलं, 'नको' का काढलंस? यंत्राला लपवाछपवी येत नाही. त्याने सांगितलं की या शब्दाची खात्री उरलेली नाही. आणि ती का उरली नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण तपासणीची पद्धत तिच्याच गटाने ठरवली होती. मेंदूतले इशारे रोज थोडे बदलतात, म्हणून यंत्र सतत शिकत राहतं. आपण उच्चारलेला शब्द बरोबर होता की चुकला, हे ते पुढे काय घडलं ते पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून बघून ठरवतं. 'पाणी' म्हटल्यावर कुणी पाणी आणलं, म्हणजे शब्द बरोबर. 'नको' म्हटल्यावर माणसाने ती गोष्ट निमूट घेतली, तर आपण इशारा चुकीचा वाचला. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून ही पद्धत आखताना त्यात कुणालाही खोट दिसली नव्हती. नको म्हटलेलं माणूस कशाला गिळेल?

काकूंनी मात्र प्रत्येक वेळी गिळलं होतं. लेक पुण्याचं सगळं सोडून आली आहे, तिचं मन कशाला मोडा, म्हणून गिळलं होतं. यंत्राने प्रत्येक घासागणिक एकच धडा घेतला, की या बाईचं नको म्हणजे चूक. आणि चुकीची गोष्ट दाखवायची नाही, हा नियम.

प्रणोती पलंगाच्या कडेला बसली आणि मोठ्याने रडली, मुमताजसमोर, कशाचीही पर्वा न करता. आईचं नको दुसऱ्या कुणी हिरावून घेतलं असतं तर तिने त्याला कोर्टात खेचलं असतं. इथे तिने ते स्वतःच्या हाताने, चमच्या-चमच्याने, खिरीबरोबर भरवलं होतं.

तिने पुण्याला तिच्या वरिष्ठांना, इनामदार सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण प्रणोती, ज्याची खात्री नाही असा शब्द पडद्यावर ठेवायचा कसा? उद्या यंत्र चुकून नको म्हणालं आणि कुणाचं औषध थांबलं तर? हे तूच मला शिकवलं आहेस."

"हो सर, मीच शिकवलं," ती म्हणाली. "पण गाणं नाही दाखवलं तर माणूस गात नाही, एवढंच होतं. नको नाही दाखवलं तर त्याचं काय होतं ते मी इथे बघतेय. खात्री नसेल तर दहा वेळा विचारू, पण ते दिसलं पाहिजे. यंत्राला जमो न जमो."

सर म्हणाले समितीपुढे ठेवतो. समितीसाठी थांबायला प्रणोतीकडे वेळ नव्हता. तिने आईच्या पेटीपुरता स्वतःचाच नियम मोडला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात 'नको' परत आणून ठेवलं. मग ती आईच्या समोर, तिला नीट दिसेल अशी बसली.

"आई, ते परत आलंय. मला कळलं नाही गं. माझं चुकलं."

काकूंची नजर कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. मग डोळे भरून आले. त्या नुसत्या त्या शब्दाकडे बघत होत्या.

"ही नळी तुला हवी होती का?"

"नको."

"आता? आता तरी राहू दे का?"

"नको."

आवाज खणखणीत होता, आमटी वाढतानाचा होता. प्रणोतीने तो कितीतरी महिन्यांनी ऐकला.

तिने डॉक्टर हुक्केरींना बोलावलं आणि काहीही न लपवता सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, संमती मीच घेतली होती, त्यामुळे मलाही झोप येणार नाही. पण श्वासाचं यंत्र काढणं म्हणजे पंखा बंद करणं नव्हे. त्याला रीत होती. आधी एका, मग दुसऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने स्वतंत्रपणे विचारायचं, वेगवेगळ्या दिवशी, शब्द फिरवून. प्रश्न कधी असा यायचा की नको म्हणजे यंत्र राहू दे, कधी असा की नको म्हणजे काढा. काकू एकदाही चुकल्या नाहीत. झोपेचं औषध आधी देऊ, जीव घुसमटणार नाही, हेही त्यांना सांगून झालं. त्यावर त्यांनी 'हो' म्हटलं.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे कागद पुरे झाले होते. खोलीत ऊन आलं होतं. मुमताजने काकूंची वेणी घालून दिली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली. डॉक्टर हुक्केरी दाराशी थांबले आणि प्रणोतीला म्हणाले, "आम्ही बाहेर बसतो. मुलगी म्हणून तुम्हाला त्यांना काही विचारायचं असेल, तर विचारून घ्या. अजूनही काही बिघडलेलं नाही. त्यांनी मन बदललं, तर आम्ही सगळे आनंदाने घरी जाऊ."

दार लोटलं गेलं. यंत्राचा ताल चालू होता. प्रणोतीने आईचा हात हातात घेतला. तो हात आता नुसता मऊ झाला होता, पोळपाटावरचे घट्टे कधीच विरले होते.

काकू तिच्याकडेच बघत होत्या. पेटी म्हणाली, "जेवलीस का?"

"नाही अजून. जेवते नंतर."

प्रणोतीच्या जिभेवर सगळे शब्द येऊन उभे राहिले होते. दिवाळीपर्यंत तरी. अजून थोडेच दिवस. एकदाच आई, माझ्यासाठी. तिला तो सगळा आग्रह पाठ होता, लहानपणापासून तीच तर तिची भाषा होती. त्या घरात पहिलं नको कधीच शेवटचं नसायचं. आई तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि ती पुन्हा विचारण्याची वाट बघते आहे की न विचारण्याची, हे प्रणोतीला कळेना. कळायला कुठलं यंत्रही नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. तिने आणखी एकदा विचारलं असतं, तर आई हो म्हणाली असती.

म्हणून तिने विचारलं नाही. तिने आईचा हात गालाला लावला, बराच वेळ तसाच धरला. मग ती उठली, दार उघडलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "या आत."